भारी इंजेक्शन आणि योग्य इंजेक्शन

"डॉक्टर, जरा भारीतलं इंजेक्शन द्या," ही मागणी दुभत्या जनावरांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यकाच्या कानावर रोज पडते. त्यामागची तळमळ खरी असते, कारण गाय आजारी पडली की डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलात त्याचा फटका लगेच दिसतो. तरीही प्रतिजैविकांची प्रतवारी भारी आणि हलके अशी लावता येत नाही. औषध जिवाणूच्या कोणत्या भागावर काम करते, जनावराच्या शरीरात ते कुठवर पोहोचते आणि तिथे किती वेळ टिकते, यावर निवड ठरते. बाटलीच्या किमतीचा तिच्याशी संबंध नसतो.

पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन आणि हल्ली सर्रास वापरले जाणारे सेफ्ट्रायॅक्सोन ही बीटा-लॅक्टम या एकाच गटातली औषधे आहेत. जिवाणूभोवती एक भक्कम भित्तिका असते आणि तो वाढत व विभागत असताना ती सतत नव्याने बांधावी लागते. हे बांधकाम करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) पेनिसिलीन चिकटून बसते, भित्तिका अपुरी राहते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. गाई-म्हशींच्या पेशींना अशी भित्तिकाच नसते, त्यामुळे अ‍ॅलर्जीचा अपवाद सोडला तर हा गट जनावराला बराच सुरक्षित आहे. मात्र मायकोप्लाझ्मा या जिवाणूलाही भित्तिका नसते. त्याच्यावर या गटातले कितीही महागडे औषध वाया जाते. शिवाय हे औषध वाढत्या जिवाणूंनाच मारत असल्याने, सोबत जिवाणूंची वाढ थांबवणारे टेट्रासायक्लिन दिले तर पेनिसिलीनचा जोर उणावण्याची शक्यता असते. खात्रीसाठी म्हणून दोन्ही एकदम टोचण्याची सवय त्यामुळे मला कधीच पटलेली नाही.

टेट्रासायक्लिन, टायलोसिनसारखी मॅक्रोलाइड औषधे आणि जेंटामायसिनचा अमिनोग्लायकोसाइड गट हे तिन्ही जिवाणूची प्रथिने तयार करणारी यंत्रणा बिघडवतात, पण त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. ऑक्सिटेट्रासायक्लिन कॅल्शियमला धरून ठेवते. ते घाईघाईने शिरेतून सोडले तर उभी गाय कोसळू शकते, म्हणून ते सौम्य करून अतिशय सावकाश द्यावे लागते. जेंटामायसिनला जिवाणूच्या आत शिरण्यासाठी प्राणवायू लागतो, त्यामुळे पुवाने भरलेल्या गळूत ते निष्प्रभ ठरते. हगवणीने सुकलेल्या वासराच्या मूत्रपिंडांना ते इजा करू शकते आणि त्याचा अंश मूत्रपिंडात कित्येक महिने राहतो. एन्रोफ्लॉक्सासिन जिवाणूच्या डीएनएची घडी उलगडू-मिटू देत नाही. वाढत्या वयाच्या पिल्लांच्या, विशेषतः कुत्र्यांच्या, सांध्यांतील कूर्चेला त्यापासून धोका असतो. विषाणूंवर यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. २०२२ मध्ये लंपी त्वचा रोगाची साथ आली तेव्हा दिलेली प्रतिजैविके जखमांमधील जिवाणू संसर्गापुरतीच उपयोगाची होती.

औषध कुठवर पोहोचते हा प्रश्न सर्वांत अडतो तो दगडीत, म्हणजे कासदाहात. निरोगी दूध रक्ताच्या मानाने किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे टायलोसिन किंवा ट्रायमेथोप्रिमसारखी अल्कधर्मी औषधे रक्तातून दुधात उतरली की तिथेच अडकून साठतात, तर पेनिसिलीन हे आम्लधर्मी असल्याने मानेत टोचले तरी कासेत फार थोडे उतरते; पेनिसिलीनला दाद देणारा स्ट्रेप्टोकोकस असेल तर सडातून सोडलेली ट्यूब अधिक कामाची. ई. कोलायच्या तीव्र दगडीत मात्र खरे नुकसान जिवाणूच्या विषाने होते आणि तिथे सलाइन, दाह कमी करणारे औषध व वारंवार पिळून कास रिकामी करणे यांवर माझा भर अधिक असतो. कोणता जिवाणू आहे हे कास पाहून सांगता येत नाही; त्यासाठी पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी सड पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत दुधाचा नमुना घ्यावा लागतो.

ट्यूब सोडण्याचीही पद्धत आहे. गाय आटवताना, म्हणजे पुढच्या विताआधी तिचे दूध काढणे थांबवताना, चारही सडांत औषध सोडायचे असेल, तर स्पिरिटच्या बोळ्याने आधी पलीकडचे दोन सड पुसावेत आणि नंतर अलीकडचे; औषध सोडताना मात्र क्रम उलटा, आधी अलीकडचे व मग पलीकडचे, म्हणजे स्वच्छ केलेल्या सडाला आपला हात घासत नाही. प्रत्येक सडासाठी नवा बोळा घ्यावा आणि नळीचे टोक थोडेसेच आत घालावे. इतके न पाळल्यास औषधाबरोबर नवे जंतूही कासेत जातात.

किती वेळ टिकते, याचे उत्तरही गटागणिक बदलते. पेनिसिलीनची पातळी ठरावीक मर्यादेच्या वर सलग राहावी लागते, म्हणून त्याचा डोस चुकवणे महागात पडते; जेंटामायसिन व एन्रोफ्लॉक्सासिन यांना रक्तात एकदा उंच पातळी गाठावी लागते, त्यामुळे त्यांचा डोस अर्धा-अर्धा करून देण्यात तोटाच आहे.

उपचार संपला तरी औषध दुधातून येतच राहते. विरजण लावूनही दही न लागणे हा त्याचा घरगुती पुरावा, कारण दह्याचे जिवाणू पेनिसिलीनच्या अल्प अंशानेही मरतात. दूध उकळून हा अंश जाईलच असे नाही. दूध किंवा मांस विकण्यापूर्वी किती दिवस थांबायचे, हे वेष्टनावर छापलेले असते. २०१२ मध्ये केंद्र सरकारने नियमांत बदल केला. त्यानुसार एखाद्या औषधाचा असा काळ अभ्यासाने ठरलेला नसेल, तर दूध व अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि मांसासाठी किमान २८ दिवस धरावे लागतात. माणसांच्या अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिन आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांतील त्याचा वापर २०१९ मध्ये बंद करण्यात आला.

थांबण्याचे दिवस शेवटच्या डोसपासून मोजायचे असतात, पहिल्यापासून नव्हे. औषध एकाच सडात सोडले असले तरी चारही सडांचे दूध विक्रीच्या दुधापासून वेगळे ठेवावे, कारण रक्तावाटे ते इतर सडांतही उतरते. हे दूध वासरांना पाजण्याचा मोह टाळावा. त्यामुळे त्यांच्या आतड्यात औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढीस लागतात. गोठ्यातल्या भिंतीवर खडूने गाईचा क्रमांक, औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहून ठेवावी, कारण सकाळची धार काढणारा आणि संध्याकाळची धार काढणारा माणूस बहुधा एक नसतो.