आमची वाटचाल : आधी खोली, मग पेटी

आमच्या पाटीवर 'होम थिएटर' लिहिलेलं असलं तरी गिऱ्हाईक आम्हाला सबवूफरवाले (सबवूफर किंवा सब म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज वाजवणारी पेटी) म्हणूनच ओळखतं, आणि ते आम्हाला आवडतं. समोरचे स्पीकर कोणीही लावून देतो. २० ते ८० हर्ट्झ हे खालचे दोन ऑक्टेव्ह (सप्तकं) एखाद्याच्या हॉलमध्ये नीट उतरवून दाखवणं, हे खरं काम. ते आम्ही पुण्यात २००३ पासून करतो आहोत.

धंदा उभा राहिला तो पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या, म्हणजे तपकीर गल्लीच्या जोरावर. ड्रायव्हर (पेटीत बसवायचा मूळ स्पीकर), टर्मिनल, अँप्लिफायरची प्लेट सगळं तिथून; नाहीच मिळालं तर पहाटेची गाडी पकडून मुंबईला लॅमिंग्टन रोड. पेट्या करायला पहिल्यापासून एक मिस्त्री सोबत होते. भागीदारीचा कागद कधी झाला नाही, पण निम्मा धंदा त्यांचाच. मूळचे स्वयंपाकघरातली कपाटं करणारे. १८ एमएमच्या एमडीएफची पेटी, आतून आडव्या पट्ट्या, सांधे फेव्हिकॉल लावून रात्रभर क्लॅम्पमध्ये. सकाळी येऊन ते बोटाच्या पेराने चारी बाजू ठोकून बघायचे. जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूची फुली, आणि आत आणखी एक पट्टी. त्यानंतरच ड्रायव्हर बसायचा. तोही आधी दीड व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवून तपासायचा: प्लसला प्लस लागला की कोन (ड्रायव्हरचा हलणारा पडदा) पुढे आला पाहिजे. आज आमच्याकडे कॅलिब्रेट केलेला माइक आहे, लॅपटॉपवर खोलीतला आवाज मोजणारं 'रूम ईक्यू विझार्ड' आहे, तरी तो सेल हत्यारांच्या बॅगेतून निघालेला नाही. स्पीकरची वायर उलटी लागली असेल तर ते सेलने जितक्या लवकर कळतं तितकं कशानेच नाही.

आमचं पहिलं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे सहकारनगरचे एक काका, बँकेतून निवृत्त. सिनेमाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. छोटे बुकशेल्फ स्पीकर होते आणि त्यावर तबल्याचा डग्गा पोकळ वाजायचा, म्हणून सब हवा होता. आम्ही १० इंची बंद पेटी करून दिली. दुसऱ्या दिवशी फोन: "अरे, घिस्सा वर चढला की डग्गा जागा बदलतो. खाली आहे तोवर कोपऱ्यात, वर आला की स्पीकरमध्ये."

कान असावा तर असा. घिस्स्यात (डग्ग्यावर तळहात दाबत घासण्यात) स्वर सरकतो, आणि सरकता सरकता सबकडून स्पीकरकडे जातो. त्या जोडावर दोघं एकाच वेळी पोचत नसतील तर एकच हात दोन ठिकाणी वाजल्यासारखा होतो. आम्ही त्यांच्या खुर्चीत, कानाच्या उंचीला माइक लावला, क्रॉसओव्हर (सब आणि स्पीकर आवाज जिथे वाटून घेतात तो जोड) ८० हर्ट्झवर आणला, त्याच वारंवारतेचा सूर सोडला आणि सबच्या फेजचं (आवाजाची लाट सुलटी की उलटी सोडायची ते ठरवणारं) बटण ० आणि १८० असं फिरवून बघितलं. ज्या बाजूला त्या सुराचा आवाज भरतो ती बाजू बरोबर. जिथे तो खड्ड्यात जातो ती चूक. मग सब इंचाइंचाने सरकवला. एक मिलिसेकंद म्हणजे हवेत साधारण ३४ सेंटिमीटर, हे तेव्हापासून आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. काका डोळे मिटून बसले होते. "हां, आता एकच माणूस वाजवतोय," म्हणाले. तेव्हापासून कुठलंही काम पूर्ण झालं की ग्राफ कितीही सपाट दिसू दे, शेवटची परीक्षा डग्ग्याचीच.

पुढची वर्षं चांगली गेली.

२०१४ मध्ये हमरस्त्यावर काचेचं दुमजली शोरूम झालं. त्यांचं नाव इथे घेत नाही. त्यांनी इंच आणि वॅट विकायला सुरुवात केली. आमची पद्धत वेगळी: आधी घरी जायचं, खोली मापायची, माइकने स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकता सूर सोडून केलेली मोजणी) घ्यायचा आणि सब कुठे, सोफा कुठे, कोणत्या आकाराचा ड्रायव्हर पुरेल, हे नकाशावर काढून द्यायचं. लोक आमचा नकाशा घेऊन शोरूममध्ये जायला लागले. तिथला विक्रेता तो नकाशा काउंटरवर पसरून विचारायचा, "त्यांनी १० सांगितलाय? त्याच पैशात १५ घ्या." पुढे ज्यांची आयात आम्ही वर्षानुवर्षं विकत होतो, त्या आयातदाराने आमची डीलरशिप काढून त्याच शोरूमला दिली. पत्रात कारण एवढंच की टार्गेट पूर्ण झालं नाही. टार्गेट कुणी वाढवलं होतं ते पत्रात नव्हतं. डेमो रूमसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर, माल परत घ्यायला कोणी तयार नाही, आणि आम्ही शिकवून तयार केलेला मुलगा दुप्पट पगारावर समोर उभा. वर गिऱ्हाइकांना सांगितलं जात होतं की यांचं शटर वर्षभरात पडणार.

मिस्त्रींनी त्या काळात मजुरी मागितली नाही. दिवसा फर्निचरची कामं घेतली, रात्री आमच्या पेट्या केल्या. आणि एक दिवस काका दुकानात येऊन बसले. "दुसरा सब पुढच्या वर्षी घेणार होतो. आत्ताच पैसे घे, पेटी सावकाश दे." त्या चेकवर आम्ही दोन महिन्यांचं भाडं भरलं.

दुकान वाचलं ते मात्र त्या दुसऱ्या सबमुळे, आणि हे आमच्या धंद्यातल्या नवीन मुलांनी लक्ष देऊन वाचावं. काकांचा हॉल १६ बाय ११ फुटांचा. अशा खोलीत लांबीच्या दिशेचा पहिला मोड (समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमत राहणारा सूर) येतो ३५ हर्ट्झच्या आसपास, रुंदीचा ५१च्या आसपास. लांबीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ३५ गायब. सोफा भिंतीला चिकटवलात तर तोच सूर छातीवर बसतो. आपल्याकडे सोफा भिंतीलाच असतो. परदेशी पुस्तकांत लाकडी सांगाड्याच्या आणि जिप्समच्या भिंती गृहीत असतात. त्या भिंती थोडा बेस स्वतःच खातात. आपल्या विटा आणि आरसीसी काही खात नाहीत, सगळं परत फेकतात. म्हणून तिथला सल्ला इथे जसाच्या तसा लावू नये. हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलं होतं की आयताकृती खोलीत समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन सब ठेवले तरी बसण्याच्या जागांमधला फरक बराच कमी होतो. आम्ही काकांकडे तेच केलं: टीव्हीखाली एक, सोफ्यामागे एक. लांबीच्या मोडला दोन्ही टोकांकडून सारखाच धक्का बसला आणि तो उठलाच नाही. उरलेला एक उंचवटा ईक्यूने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) खाली घेतला. खड्डा मात्र ईक्यूने भरायला जाऊ नका. अँप्लिफायर तापतो, खड्डा राहतो.

काकांनी मित्रमंडळींना बोलावून ऐकवलं, आणि त्यातून कामं यायला लागली. दोन छोट्या बंद पेट्या हीच आमची ओळख झाली. पोर्टवाली (हवेसाठी नळी ठेवलेली) पेटी तिच्या ट्यूनिंगपर्यंत, म्हणजे ती नळी ज्या सुराला लावलेली असते तिथपर्यंत, जोरात जाते, पण खाली ऑक्टेव्हला २४ डेसिबलने कोसळते; बंद पेटी १२ने उतरते, आणि आपला बंदिस्त हॉलच तिला खाली आधार देतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने १५ इंची पोर्टवाल्याच्या मागे लागू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग शोरूमची गिऱ्हाइकं आमच्याकडे यायला लागली. बाणेरच्या एका घरी १५ इंची पेटी कोपऱ्यात, खालच्या मजल्यावरून रोज तक्रार, आणि सिनेमातला संवादही घुमणारा. रिसीव्हर म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अँप्लिफायर; त्याच्या सेटिंगमध्ये बघितलं तर सबचं अंतर टेपने मोजून हाताने भरलेलं. रिसीव्हर आपोआप मोजतो तेव्हा ते अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, कारण सबच्या आतल्या सर्किटचा उशीर तो त्यात धरतो. ते चूक समजून 'दुरुस्त' केलं की जोड तिथेच तुटतो. उभे स्पीकर 'लार्ज' (खालचा बेसही स्वतःच वाजवणारे) ठेवलेले, ते 'स्मॉल' करून ८०ला कापले, म्हणजे त्याखालचं सबकडे दिलं. सब कोपऱ्यातून भिंतीच्या मध्यावर आणला, खाली रबरी पॅड. वर बारीक गुणगुण येत होती. केबल टीव्हीची वायर काढताच ती थांबली, म्हणून त्या वायरीला आयसोलेटर लावला. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला त्यांना कोणीतरी दिला होता. तसं कधीही करू नका, जिवाशी खेळ आहे.

त्या शोरूमने पुढे ऑडिओचा मजला बंद करून तिथे फ्रीज आणि एसी मांडले. आम्ही होतो त्याच जागेत आहोत. मिस्त्रींचा मुलगा आता लाकूड कोरणारं राउटर यंत्र चालवतो आणि बापासारखीच पेटी ठोकून बघतो. आयातदाराकडून मागच्या वर्षी फोन आला, पुन्हा डीलरशिप घेता का म्हणून. आम्ही आधी आमच्या डिपॉझिटचं विचारलं. ती रक्कम अजून आलेली नाही, आणि आम्ही ती सोडलेलीही नाही.