दोन मेल्या, की एक?

एक रसायन पोटात गेलं तर किती विषारी ठरतं, हे उंदरांवर तपासायचं होतं. ग्राहकाने पत्रात सुरुवातीचा डोस सुचवला होता, उंदराच्या वजनाच्या दर किलोला २००० मिलिग्रॅम. सोबत सॉफ्टवेअरने काढलेल्या अंदाजाचं एक पान. रसायन म्हणजे रंग बनवताना मधल्या टप्प्यावर निघणारं एक अरोमॅटिक अमाइन, ॲनिलिन या विषारी रसायनाच्या घराण्यातलं. नाव सांगता येत नाही. ॲनिलिनचं भावंड समोर असताना थेट २००० पासून सुरुवात करणं मला पटेना. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४२३ नंबरची गाइडलाइन स्पष्ट सांगते, की भरवशाची माहिती नसेल तर जनावरांच्या हितासाठी ३०० पासून सुरू करा. स्टडी डायरेक्टर मी, प्लॅनवर सही माझी. मी ३०० लिहिलं, प्राणीविषयक समितीने मंजूर केलं आणि ग्राहकाने ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं’ असं कळवलं. त्या वाक्यातली नाराजी लपत नव्हती.

बाहेरच्यांना वाटतं, उंदराला पाजायचं आणि कितीत मरतो ते मोजायचं. पूर्वी खरंच तसं होतं. १९२७ साली ट्रेव्हनने एलडी-५० ची, म्हणजे निम्मी जनावरं मारणाऱ्या डोसची, कल्पना मांडली आणि पुढे कित्येक दशकं एक आकडा नेमका काढण्यासाठी जनावरांच्या रांगा लागल्या. ती जुनी ४०१ नंबरची पद्धत ओईसीडीने २००२ मध्ये रद्द केली, हे फार उशिरा झालं असं माझं मत आहे. आता ४२३ मध्ये एका टप्प्याला तीनच माद्या. डोस चारच: ५, ५०, ३००, २०००. तीनपैकी दोन किंवा तीन मेल्या तर खालच्या डोसवर जायचं. एक मेली किंवा एकही नाही तर त्याच डोसवर आणखी तीन. आकडा निघत नाही, विषारीपणाचा वर्ग ठरतो. ५० ते ३०० मध्ये पडलं तर वर्ग तीन आणि पिंपावर कवटीचं चिन्ह. ३०० ते २००० मध्ये पडलं तर वर्ग चार आणि नुसतं उद्गारचिन्ह. म्हणजे ३०० वर दोन मेल्या की एक, एवढ्यावर पुढची सगळी वाट फिरते.

त्या दिवशीच्या तिघी विस्टार जातीच्या, दहा आठवड्यांच्या, रात्रभर उपाशी ठेवलेल्या. उपाशी ठेवायचं म्हणजे पिंजऱ्यात खाली जाळी घालायची, नाहीतर भुसा खातात, स्वतःच्या लेंड्या खातात आणि पोट भरलेलं ते भरलेलंच. ओळखीसाठी पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका लावतो: एकीच्या डोक्यावर, एकीच्या पाठीवर, एकीच्या शेपटीच्या बुडाशी. नोंदीत त्यांना नंबर असतात, पण बोलताना आम्ही ‘डोकं’, ‘पाठ’ आणि ‘शेपूट’ म्हणतो.

डोस देतात ते आमच्या ॲनिमल हाउसमधले काका. गॅव्हाज, म्हणजे नळीने थेट पोटात डोस देणं, शिकवायला मी त्यांनाच पुढे करते. पीएचडी झालेल्या मुलांपेक्षा त्यांचा हात स्वच्छ आहे. मानेची कातडी मुठीत अशी धरायची की डोकं हलणार नाही पण श्वास कोंडणार नाही. टोकाला गोळी असलेली स्टीलची नळी आधी बाहेरून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मापून घ्यायची. मग जिभेवरून, एका बाजूने, आत. ढकलायची नाही; मान सरळ असेल तर नळी स्वतःच्या वजनाने उतरते. अडली तर काढायची. श्वासनलिकेत गेली तर जनावर लगेच झटापट करतं आणि औषध नाकातून येतं. किलोला १० मिली या हिशेबाने १८२ ग्रॅमच्या ‘पाठ’ला मक्याच्या तेलातलं १.८२ मिली गेलं. तिघींनाही एकदाच नळी घातली, कुणी धडपडली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, पुढे त्याची गरज पडली.

पहिला अर्धा तास पिंजऱ्यासमोरून हलायचं नाही. पांढऱ्या उंदरात एक सोय असते: कान, नाक आणि पंजे गुलाबी असतात, आतलं रक्त बाहेरून वाचता येतं. पाऊण तासाच्या आत तिघींच्या कानांचा गुलाबी रंग गेला आणि पाटीच्या दगडाचा करडा-निळा रंग चढला. मला उत्तर मिळालं होतं. यकृतात अमाइनवर प्रक्रिया होऊन हायड्रॉक्सिलॲमाइन तयार होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं आणि त्याला ऑक्सिजन वाहता येत नाही. जनावर श्वास घेत असतं आणि तरी आतून गुदमरत असतं. ‘हे सगळं आता पेशींवर का करत नाही’ असं मला लग्नाकार्यातसुद्धा विचारतात. त्वचा आणि डोळ्यांसाठी पेशींवरच्या पद्धती आल्या आहेत आणि त्यांचा मला आनंद आहे. पण बशीतल्या पेशींना यकृत नसतं, आणि इथे मूळ पदार्थापेक्षा यकृतात तयार होणाराच जास्त घातक.

‘डोकं’ दुपारी मेली. तीन वाजता ‘शेपूट’ ही ‘पाठ’पेक्षाही वाईट दिसत होती: पोटावर सपाट, डोळे अर्धे मिटलेले, केस उभे. साडेपाचपर्यंत चित्र पालटलं. ‘शेपूट’ला बोट लावलं की ती मान उचलायचा प्रयत्न करायची. ‘पाठ’ कुशीवर पडलेली, उताणी केली तर उलटत नव्हती, अंग गार, आणि श्वास तोंडाने, मधेच थांबून. पंजा चिमटला तरी ओढून घेत नव्हती.

गाइडलाइनचं वाक्य मला पाठ आहे. मरणासन्न किंवा तीव्र, न थांबणाऱ्या यातनेत असलेलं जनावर वेदनारहित पद्धतीने मारायचं, आणि ते चाचणीत मेलेल्यांतच धरायचं. म्हणजे माझ्या हाताने आलेलं मरण हे रसायनाने आणलेलं मरण म्हणून मोजलं जाणार होतं.

नेमका तेव्हा ग्राहकाकडच्या मॉनिटरचा, म्हणजे त्यांच्या वतीने चाचणीवर लक्ष ठेवणाऱ्याचा, फोन आला. एक मृत्यू झाल्याचं त्यांना दुपारी कळवलं होतं. दुसरीची अवस्था ऐकून ते म्हणाले, “मॅडम, सकाळपर्यंत थांबलात तर? उंदीर यातून सावरतात, असं वाचलंय मी.” माणूस वाईट नाही, आणि वाचलेलं चूकही नव्हतं. उंदराच्या तांबड्या पेशी मेथहिमोग्लोबिन माणसापेक्षा कितीतरी पटीने लवकर पूर्ववत करतात. पण रात्री ती तशीच ठेवायची ती कुणासाठी? तिच्या बरं होण्यासाठी, की वर्ग चारसाठी? त्यांच्या बोलण्यात पहिलं कुठे नव्हतं. मी म्हणाले, “सर, हा निर्णय माझा आहे, रिपोर्टमध्ये कारणासकट येईल.” काकांनी कार्बन डायऑक्साइडची पेटी आधीच पुसून आणली होती. मी काही सांगितलं नव्हतं.

नेक्रॉप्सीला, म्हणजे मेलेली जनावरं उघडून तपासायला, मीच उभी राहिले. पहिला प्रश्न गॅव्हाज चुकलं का हाच येणार, हे माहीत होतं. नको असलेला निकाल आला की ग्राहक आधी आमच्या हातांवर शंका घेतात. म्हणून दोघींची अन्ननलिका वरपासून जठरापर्यंत उभी चिरून पाहिली, कुठेही भोक नाही, ओरखडा नाही. श्वासनलिका कोरडी, फुप्फुसात तेलाचा थेंब नाही. ‘पाठ’च्या हृदयातून काढलेला रक्ताचा थेंब गाळण कागदावर टाकला. कार्बन डायऑक्साइडने मेलेल्या जनावराचं रक्त काळपट असतंच, पण ते हवेत तांबडं होतं. हा थेंब चॉकलेटी होता आणि पंधरा मिनिटं पंख्याखाली ठेवूनही चॉकलेटीच राहिला. पुढे क्वालिटी अशुरन्सच्या ऑडिटमध्ये एका वेळेच्या नोंदीवर खाडाखोड होऊन सही राहिली म्हणून शेरा आला. या दोन नेक्रॉप्सींबद्दल एक शब्द नाही. त्यांचं काम गरजेचं आहे, पण कागद बघण्याच्या सवयीत ते जनावर बघायचं विसरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ‘शेपूट’ उभी राहून खात होती. कान जवळजवळ गुलाबी. चौदा दिवसांत तिचं वजनही वाढलं. शेवटी उघडली तेव्हा फक्त प्लीहा काळपट आणि मोठी. ५० च्या डोसवर पुढच्या तिघी, मग आणखी तिघी, एकही मेली नाही. वर्ग तीन. ग्राहकाने दोनदा स्पष्टीकरण मागितलं आणि शेवटी रिपोर्ट स्वीकारला.

मला अजून सोडवत नाही ती ‘शेपूट’च. ‘पाठ’ला रात्र मिळाली असती तर तीही उठली असती का? लोक समजूत घालतात, की कवटी लागली ते बरंच झालं. तारापूर किंवा महाडला पिंप रिकामं करणाऱ्या कामगाराच्या अंगावर हे उडालं तर कातडीतून आत जाईल, त्याचे ओठ निळे पडतील आणि त्याच्या पेशी उंदराइतक्या लवकर सावरणार नाहीत. ते सगळं खरं आहे. पण साडेपाच वाजता मी कामगाराचा विचार केला असता तर तो निकाल मला हवा तसा काढल्यासारखा झाला असता. मी फक्त पिंजऱ्यात बघितलं, आणि जे दिसलं त्यावर पुन्हा तेच करीन.

अमाइनच्या पुढच्या स्टडी प्लॅनमध्ये दर निरीक्षणाला अंगाचं तापमान आणि उलटून उभं राहण्याची चाचणी मी घालून घेतली आहे, म्हणजे मरणासन्न ठरवताना नुसत्या नजरेवर राहायला नको. समितीने ते मान्य केलं. तापमान किती अंशांखाली गेलं की आणखी वाट न पाहता जनावर मारायचं, यावर मात्र आमचा पॅथॉलॉजिस्ट आणि मी अजून भांडतो आहोत. त्याला रेषा खाली हवी आहे, मला वर.