आमची वाटचाल : तीन नंबरचा नळ

आमच्या छोट्या ब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या ठिकाणी, आठ नळ आहेत. सात नळांवरची बिअर ऋतू बघून, गिऱ्हाईक बघून बदलते. तीन नंबरचा नळ २०१५च्या जानेवारीपासून बदललेला नाही. त्यावर साठ आयबीयूची (बिअरचा कडवटपणा मोजायचं माप) कडू आयपीए असते, म्हणजे हॉप्स ही कडू, सुगंधी फुलं भरपूर घातलेली बिअर, आणि मी असेपर्यंत तीच राहील. धंद्याला दहा वर्षं झाली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, आता सगळं एकदा लिहून काढा." लिहायला बसलो आणि लक्षात आलं की माझी सगळी भांडणं, सगळं कर्ज आणि जोडलेली सगळी माणसं या एका नळाशी येऊन थांबतात.

मी मूळचा फॅब्रिकेशनवाला. भोसरीत शेड होती, डेअऱ्यांच्या दुधाच्या टाक्या बनवायचो. २००९ साली पुण्यात डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली. मित्रांबरोबर तिथे गेलो, तर ते गव्हाची बिअर पीत बसले आणि मी काचेपलीकडच्या टाक्या बघत उभा राहिलो. जॅकेट, मॅनवे, ट्राय-क्लॅम्प, सगळं ओळखीचं. हे तर आपण करतो, असं वाटलं. ते डोक्यातून गेलंच नाही. पुढे इंजिनिअरिंगचा एक वर्गमित्र, कोल्हापूरचा, भागीदार म्हणून आला. पैसा बराचसा त्याचा, टाक्या सगळ्या माझ्या. २०१४ साली परवाना हातात पडला.

पाचशे लिटरची केटल, म्हणजे बिअर उकळायची टाकी, मी स्वतः जोडली. एसएस ३०४, टिग वेल्डिंग, आणि आतून आरगॉन वायू सोडून. आरगॉन न सोडता सांधा मारला तर तो आतल्या बाजूने काळा, खरखरीत होतो. मग त्या खरखरीत जागी घाण धरते आणि कितीही कॉस्टिक सोडा फिरवला तरी निघत नाही. दुधाच्या धंद्यात हे शिकलो होतो, कारण दूध माफ करत नाही. आमच्या केटलमध्ये हात घालून बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे ते कळत नाही. आजही नवीन मुलगा कामावर आला की मी त्याला पहिल्या दिवशी तेवढंच करायला लावतो. व्हर्लपूलचा, म्हणजे उकळलेला रस गोल फिरवायचा, पाइप भिंतीला तिरका लावला आहे, त्यामुळे पंप बंद केल्यावर वीस मिनिटांत हॉप्सचा सगळा गाळ मधोमध गोवरीसारखा बसतो आणि कडेने स्वच्छ वर्ट, म्हणजे बिअर व्हायच्या आधीचा रस, निघतो. बाहेरून आणलेल्या महागड्या सेटपेक्षा तो चांगला बसतो, हे मी जबाबदारीने लिहितो.

पहिली आयपीए केली तेव्हा मॅग्नम जातीचे हॉप्स साठ मिनिटांच्या उकळीला, कॅस्केड जातीचे शेवटच्या पाच मिनिटांना आणि परत थंड टाकीत. पाण्याला जिप्सम, म्हणजे कडवटपणा जिभेवर पसरून न बसता लख्ख येतो. मला ती प्यायल्यावर जे वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. घोट गेला की मागून संत्र्याच्या सालीचा वास येतो, मग कडवट, मग तोंड कोरडं आणि परत घोट घ्यावासा वाटतो.

भागीदाराने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "भावा, ही बिअर न्हाई, काढा हाय."

पहिल्या महिन्यात निम्मे ग्लास अर्धे भरलेले परत आले. तेव्हा भागीदाराने जे वाक्य म्हटलं ते मी पुढे शंभर माणसांकडून ऐकलं : आपल्या लोकांना कडू चालत नाही. या वाक्याचा मला आजही राग येतो. कारल्याची भाजी कोण खातं? मेथी कोण खातं? वर्षाच्या पहिल्या सकाळी कडुनिंबाचा पाला, गूळ, ओवा वाटून तोंडात घालणारी माणसं आपणच ना? भागीदार म्हणायचा, ते औषध म्हणून खातात, मजा म्हणून नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे आता कबूल करतो. पण आमच्या घरी कारलं कोणी औषध म्हणून केलं नाही. आई पाणी न काढता, मीठ लावून न पिळता करायची आणि मला तेच आवडायचं. भागीदाराच्या घरी कारल्यात गूळ-चिंच. दोघेही कारलंच खात वाढलो आणि दोन-तीन वर्षं भांडत राहिलो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सर आले. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. एकटे आले, केटल दिसेल अशा टेबलावर बसले, तीन नंबर मागवली, वास घेतला आणि मला हाक मारली. "अरे, यात कॅस्केड आहे ना?" त्यांचा मुलगा ओरेगॉनला असतो. कॅस्केड तिथलीच, १९७२ साली शेतकऱ्यांना मिळालेली, अमेरिकेतल्या या सगळ्या हॉपी बिअरच्या वेडाची आई म्हणावी अशी. सर तिथे दोन उन्हाळे राहून आले होते. त्यानंतर दर गुरुवारी सात वाजता, एकच ग्लास. ग्लास अर्धा झाला की दहा मिनिटं तसाच ठेवायचे, थोडी गार कमी झाली की वास उघडतो म्हणायचे. ते खरं आहे. आम्ही त्यांच्यामुळे तीन नंबर थोडी कमी गार द्यायला लागलो.

सरांनी मला एक गोष्ट पक्की समजावली. हॉप्सचा वास प्रत्येकाला एकच येत नाही. आम्ही एकदा सिमको ही हॉप्सची जात वापरली. एका टेबलाने सांगितलं, देवदाराचं लाकूड, ग्रेपफ्रूट. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाल्या, मांजराने कोपऱ्यात केलंय तसा वास येतोय. मला वाटलं त्या चेष्टा करताहेत. सर म्हणाले, "नाही रे, त्यात गंधकाची संयुगं असतात, थोडीच, पण काहींच्या नाकाला तीच आधी लागतात." सिट्रा या दुसऱ्या जातीचंही तेच. कोणाला लिची, कोणाला घाम. रत्नागिरीकडचे एक गिऱ्हाईक सिट्राचा ग्लास नाकाशी धरून म्हणाले, "हापूस नाही हा, रायवळ. देठाचा चीक लागलेला." इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. हॉप्सच्या तेलात मिरसीन नावाचं वासाचं द्रव्य असतं आणि तेच आंब्यातही असतं, हे मला नंतर सरांकडून कळलं.

आता २०१७. हे वर्ष मी सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याबद्दल गावभर एकच बाजू सांगितली गेली आहे.

आमच्या समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये मोठ्या भांडवलाची ब्रुअरी उघडली. उघडो, बाजार मोठा आहे. पण उघडायच्या तीन आठवडे आधी त्यांनी आमचा ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, उचलला. त्या पोराला मी मॅशचं (गरम पाण्यात भिजवलेल्या धान्याचं) तापमान हातात धरून शिकवलं होतं. तो गेला आणि त्याच्याबरोबर माझी पाककृतींची निळी वहीही गेली. वही हरवली, असं तो म्हणतो. असो. त्यांनी हेझी आयपीए आणली, गढूळ, ओट्स घातलेली, व्हरमाँटकडच्या पद्धतीची. हेझीबद्दल माझी तक्रार नाही. सल्फेट कमी, क्लोराइड जास्त, उकळीला हॉप्स जवळपास नाहीतच, सगळं नंतर थंडीत. नीट केली तर सुंदर बिअर होते, आंब्याच्या रसासारखी अंगभर. माझी तक्रार त्यांच्या वेटरबद्दल आहे. आमच्याकडून तिकडे गेलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "तिकडे काढा मिळतो." भागीदाराचा शब्द. तो तिथे कसा पोचला ते मी इथे लिहीत नाही.

ब्रुअर नाही, सीझन तोंडावर, आणि एका कंपनीचं एकशेवीस माणसांचं बुकिंग. त्यात एका पुरवठादाराने स्वस्तात सिमको देऊ केली. घेतली. पाकीट हातात आलं तेव्हाच कळायला हवं होतं : फॉइल विटेसारखं घट्ट लागायला हवं, ते मऊ होतं, आत हवा गेलेली. पिकाचं साल दोन वर्षं जुनं. कापून हुंगलं तर चीजचा, ओल्या मोज्यांचा वास. मी तरीही ती वापरली. दोन ब्रू मिळून हजार लिटरची टाकी, त्यात ड्राय हॉपिंगला, म्हणजे थंड टाकीत वासासाठी टाकायला, ती पाच किलो. टाकीत मुरेल, बरी होईल, असं मी स्वतःला सांगितलं. तीस वर्षं दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या माणसाने नासलेली गोष्ट मुरेल म्हणावं, याची लाज मला आजही वाटते.

बुकिंगच्या दिवशी अर्ध्या तासात एकशेवीसातली साठ माणसं रस्ता ओलांडून समोर गेली. मी दारात उभा राहून बघत होतो. उरलेली बिअर, आठशे लिटरच्या वर, दुसऱ्या दिवशी ओतून दिली. टाकीचा खालचा व्हॉल्व्ह मीच उघडला, पोरांना उघडायला सांगितला नाही.

भागीदार आठवड्याने बोलायला बसला. त्याची एकच अट होती : तीन नंबर बंद करायचा, तिथे हेझी किंवा गव्हाची लावायची, तर तो राहील. त्या गुरुवारी सर आले होते. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी खिशातून कागदाच्या पट्ट्यांची डबी काढली. कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला वापरतात त्या, पीटीसी नावाचं रसायन लावलेल्या पट्ट्या. १९३१ साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स नावाच्या रसायनज्ञाच्या हातून ही पावडर उडाली, शेजारच्याचं तोंड कडू झालं आणि फॉक्सला काहीच लागलं नाही, तेव्हापासून ही परीक्षा आहे. सरांनी आम्हा दोघांना एकेक पट्टी दिली. मी जिभेवर ठेवली : कोरा कागद. भागीदाराने ठेवली आणि बेसिनकडे धावला.

मी म्हटलं, "बघा सर, हेच!" सरांनी लगेच थांबवलं. "घाई करू नकोस. हॉप्सचं कडू जिभेवरचे दुसरेच रिसेप्टर ओळखतात, ही पट्टी तुमच्या बिअरचा निकाल देत नाही. एवढंच कळतं की तुमच्या दोघांच्या तोंडात एकच वस्तू दोन वस्तू होऊ शकते." भागीदार तोंड पुसत होता. मग म्हणाला, "म्हंजे मी खोटं बोलत नव्हतो न्हवं?" मी म्हटलं, नाही, खोटं बोलत नव्हतास.

तरी तो गेला. मी नळ बंद केला नाही आणि तो राहिला नाही. त्याचा पैसा परत करायला भोसरीची शेड गहाण पडली. पाच महिने मी रात्री डेअऱ्यांची वेल्डिंगची कामं घेतली आणि दुपारी ब्रू केला. पगार एकाचाही थकवला नाही. त्या पाच महिन्यांत सर दर गुरुवारी आले आणि येताना त्यांच्या निवृत्त मित्रांना घेऊन यायला लागले. कधी सहा, कधी आठ. त्यातल्या तिघांना तीन नंबर अजिबात आवडली नाही, ते लागर, म्हणजे सौम्य बिअर, प्यायचे. पण टेबल भरलेलं दिसायचं.

इथे नवीन मुलांसाठी थोडं लिहितो. हॉप्स घेताना पाकिटावर पिकाचं साल बघा, दर नंतर विचारा. पाकीट दाबून बघा. उघडल्यावर हॉप्सच्या दोन दाबलेल्या गोळ्या तळहातावर चुरा आणि नाक आत घाला. वासाबद्दल शंका आली तर शंकेचंच ऐका. उरलेलं पाकीट परत सील करून डीप फ्रीजरमध्ये, आणि फ्रीजरला जनरेटर. भागीदारी करा, पण पाककृती कोणाच्या, हे पहिल्या दिवशी कागदावर लिहा. ब्रुअर कितीही जवळचा असला तरी वहीची दुसरी प्रत घरी ठेवा. आणि गिऱ्हाईक ग्लास अर्धा ठेवून गेलं तर त्याला "तुम्हाला कळत नाही" असं कधीही म्हणू नका. मी म्हटलं आहे, दोनदा. ती माणसं परत आली नाहीत.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नुकती ड्राय हॉपिंग केलेली टाकी भरलेली होती. हॉपी बिअर थांबत नाही, आधी वास जातो. पुढे ग्राऊलरमधून, म्हणजे मोठ्या बंद बाटलीतून, घरी न्यायची परवानगी आली, पण त्या टाकीला तोवर उशीर झाला होता. तीही ओतून दिली. त्यानंतरची वर्षं नीट गेली. शेड सोडवली.

समोरच्यांनी गेल्या वर्षी वेस्ट कोस्ट आयपीए, म्हणजे कडू आयपीए, आणली. पाटीवर "धीट चवीसाठी" असं लिहिलं आहे. मी गेलो, पैसे देऊन ग्लास घेतला. मॅग्नमची साठ मिनिटं, शेवटी कॅस्केड, परत थंडीत कॅस्केड. माझ्या निळ्या वहीचं अकरावं पान. ज्या बिअरला काढा म्हणून माझी माणसं पळवली, तीच आता ते विकतात, आणि चांगली करतात. मी ग्लास संपवला आणि आलो.

मागच्या आठवड्यात नवीन पिकाची कॅस्केड आली. फॉइल विटेसारखं. सर आता शहात्तर वर्षांचे आहेत, काठी घेऊन येतात, ग्लास अर्धाच पितात. मी पाकीट त्यांच्यासमोर कापलं, दोन गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी चुरल्या, नाकाशी नेल्या, डोळे मिटले.

"लिंबाचं पान," ते म्हणाले. "चुरगळलेलं."

मी माझ्या हातातली हुंगली. मला पपनसाची साल येत होती. पाटी रंगवणारा मुलगा खडू घेऊन वाट बघत उभा होता. दोन्ही लिही म्हटलं त्याला.