ह्यांचा डावा खांदा

ह्यांचा डावा खांदा आम्हीच दुखवून ठेवलाय, हे आधी कबूल करून टाकते. मी, मुलगा आणि रात्रीला येणारा अटेंडंट, तिघांनी मिळून. पलंगावरून उठवायचं म्हणजे हात धरायचा नि ओढायचं, आपल्याला दुसरं येतं काय?

नरकचतुर्दशीला पहाटे उटणं-तेल सगळं काढून ह्यांना उठवायला गेले तर डावी बाजू लोळागोळा, लकवा. झोपेतच कधीतरी झालेलं, त्यामुळे मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं ते साडेचार तासांच्या आतलं इंजेक्शन मिळालंच नाही, सुरू कधी झालं तेच कुणाला सांगता येईना. एमआरआयमध्ये उजव्या मेंदूत आत खोल, थॅलॅमस म्हणतात तिथे डाग. बोलणं शाबूत राहिलं ही देवाची कृपा (कधीकधी शिक्षा पण).

११ दिवसांनी घरी आणलं आणि मग इंदूरातलं आमचं सगळं लोकमान्यनगर भेटायला. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "चालतात का?" हाताचं कुणी विचारतच नाही. एकीने लकव्याचं तेल आणून दिलं, एक काका म्हणे राजस्थानात बुटाटी धामला सात दिवस घेऊन जा, माणसं पायाने चालत परत येतात. मी पण पायाच्याच मागे लागले. हात लोंबतोय तर लोंबू दे, नंतर बघू.

फिजिओची मुलगी पहिल्या दिवशी आली, मी ह्यांना उठवतेय ते पाहून दारातूनच ओरडली, "आंटी, हाथ मत खींचो!" मग तिने माझं बोट धरून ह्यांच्या खांद्याच्या हाडाखाली ठेवलं, बोट आत गेलं की हो, चक्क खळगा! तिने सांगितलं की खांद्याची वाटी उथळ असते, गोळा तिच्यात बसून राहतो तो आजूबाजूच्या स्नायूंच्या जोरावर, आणि तेच ढिले पडले की हाताच्या वजनानेच गोळा खाली सरकतो, त्यात आपण वरून हिसके दिले की आतलं सगळं ताणलं जातं. मुलाने मोठ्या हौसेने दाराला कप्पी लावली होती, चांगल्या हाताने दोरी ओढून लुळा हात वर न्यायचा म्हणून, ती तिने आधी उतरवायला लावली. उठवताना कमरेच्या पट्ट्याला धरायचं. बसले की हाताखाली उशी, हात हवेत लोंबता कामा नये. सदरा घालताना आजारी हात आधी, काढताना तोच शेवटी. एवढंसं तर होतं, पण हॉस्पिटलमधून सोडताना गोळ्यांच्या तीन पानी यादीत ह्यातलं एक अक्षर नव्हतं.

तोवर दुखायला लागलंच होतं. मी मेडिकलवरून आपली नेहमीची डायक्लोफिनॅक आणली, दोन दिवस दिली, डॉक्टरांना फोनवर सहज सांगितलं तर असे चिडले! रक्त पातळ करायला ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालूच आहे, वर ही गोळी म्हणजे पोटात रक्तस्राव व्हायची भीती, शिवाय बीपी वाढतं, आणि ७३ व्या वर्षी किडनीवर ताण तो वेगळाच. आता त्यांनी ठरवून दिलेली पॅरासिटामॉल, ती पण व्यायामाच्या अर्धा तास आधी, म्हणजे निदान हात हलवू तरी देतात.

मधेच एक सांगते. हे पोहे अर्धे टाकायचे. सेव, जिरावण मसाला सगळं घालून दिलं तरी अर्धे तसेच. मला वाटलं भूक मेली. एकदा बशी फिरवून ठेवली तर उरलेले पण खाल्ले! डाव्या बाजूचं दिसत होतं, पण मेंदू तिकडे लक्षच देत नव्हता. तेव्हापासून पाण्याचा गिलास मुद्दाम डावीकडे ठेवते.

तर खांदा जरा बसतोय म्हणेपर्यंत फेब्रुवारीत नवीनच तक्रार, हात जळतो. चादर टोचते, पंख्याचा वारा सहन होत नाही. हात लावून बघावं तर थंडगार, ना सूज ना लाली. मी म्हटलं झालं, व्यायाम टाळायचे बहाणे. बोलले पण तोंडावर, "नाटकं पुरे झाली आता."

मग रंगपंचमी. दरवर्षी राजवाड्याला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला जाणारा माणूस, ह्या वेळी टीव्हीवर बघत बसलेला, आणि नातीने मागून येऊन पिचकारी मारली, नेमकी डाव्या हातावर. साधं गार पाणी. हे किंचाळले. "तेल ओतलंस का गं उकळतं?" पोर घाबरून पलंगाखाली जाऊन बसली. लकव्यात हे ओरडले नव्हते, इंजेक्शनांना ओरडले नव्हते.

न्यूरोवाल्यांनी ऐकल्या ऐकल्या सांगितलं, हाताला काही झालेलं नाही, दुखणं मेंदूतच तयार होतंय, स्पर्श आणि थंड-गरम पोचवणारं वायरिंगच जळलंय. बरेचदा झटक्यानंतर काही महिन्यांनी सुरू होतं आणि साध्या पेनकिलरला दाद देत नाही. रात्री मोबाइलवर वाचत बसले. पॅरिसच्या देजरिन आणि रूसी ह्या डॉक्टरांनी १९०६ साली हे दुखणं लिहून ठेवलंय, आणि मी इंदूरात बसून नवऱ्याला नाटकी म्हणत होते.

आता गॅबापेंटिन, नसांच्या दुखण्याची गोळी, चालू आहे, अगदी कमीपासून हळूहळू वाढवत, कारण त्याने गुंगी येते, चक्कर येते, आणि ह्या वयात बाथरूममध्ये पडले तर वेगळंच रामायण. जळणं गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले पूर्ण जाईल असं धरून चालू नका, झोप लागली पाहिजे एवढं आधी बघू.

त्यांनीच सांगितलं, रोज शून्य ते दहात किती दुखतं ते लिहून ठेवा. आमचे हे ३६ वर्षं बँकेत, त्यांना काय, जुनी डायरी काढली, रेघा मारल्या, उजव्या हाताने तारीख, वेळ, आकडा, शेरा. दुखण्याचा आकडा पण साडेचार, पावणेपाच असा लिहितात. कालचं बघितलं मी सकाळी. रात्री ११ वाजता ७, आणि शेऱ्यात, "पंखा बंद कर म्हटलं, हिने ऐकलं नाही."