दरवाजा उघडला, पण दीड सेंटिमीटर उशिरा

मॉडेलच्या टाकीतला दरवाजा अखेर पाण्याच्या जोराने आपोआप उघडला. पाणी चढत गेले, वरची कड पुढे झुकली आणि पाणी वरून-खालून एकदमच सुटले, तेव्हा फार समाधान वाटले. मात्र पट्टीवरचा आकडा १५ ऐवजी १६.५ सेंटिमीटर होता आणि या दीड सेंटिमीटरचा माग काढण्यातच पुढचा सगळा वेळ गेला.

रचना मागच्या नोंदीतलीच आहे : २० सेंटिमीटर रुंदीचा उभा ॲक्रिलिक दरवाजा, तळापासून ५ सेंटिमीटरवर ८ मिलिमीटर व्यासाचा आडवा शाफ्ट आणि खालच्या कडेला बाहेरून अडणी. पाण्याचे एकूण बल तळापासून एक-तृतीयांश उंचीवर लागते, त्यामुळे पाणी १५ सेंटिमीटरच्या खाली असेपर्यंत ते दरवाजाला अडणीवर दाबते, १५ ला नेमके शाफ्टमधून जाते आणि त्यापुढे दरवाजा उलटायला हवा. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे किती उघडले, हे पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी विचारले जाते. हे मॉडेल त्यांची प्रतिकृती नव्हे, पण दरवाजा पाण्याच्याच जोरावर उघडतो म्हणजे काय होते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फळ्यावरच्या आकृतीपेक्षा येथे लवकर पटेल.

१६.५ सेंटिमीटरला बल सुमारे २६.७ न्यूटन आणि शाफ्टपासूनचे अंतर अर्धा सेंटिमीटर, म्हणजे ०.१३ न्यूटन-मीटर मोमेंट (बल गुणिले अंतर, म्हणजे दरवाजा फिरवणारा जोर) कशाने तरी रोखून धरला होता. संशय आधी पितळी बुशवर, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीवर गेला. घर्षणांक ०.३ धरला तरी बुशच्या वाट्याला जेमतेम ०.०३ येतात. म्हणून टाकी रिकामी करून दरवाजाच्या वरच्या कडेला दोरा बांधला, तो पुलीवरून घेऊन पारड्यात ५-५ ग्रॅम वजन वाढवत नेले. ६० ग्रॅमला गळती रोखायला बाजूला लावलेली रबरी पट्टी दरवाजाबरोबर वाकलेली स्पष्ट दिसत होती, पण जागची सरकत नव्हती. ६५ ला ती झटक्याने सुटली. शाफ्टपासून १५ सेंटिमीटर अंतराने गुणल्यावर ०.०९६ आले. चोर सापडला होता. लक्ष्मीपुरीत ‘अगदी मऊ’ म्हणून मिळालेली ती पट्टी खिडक्यांना ठीक असेल, फिरत्या दरवाजाला ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उद्यमनगरात लेथवर काढून घेतलेला शाफ्ट मात्र कुठेही अडत नाही, त्या कामाला तोड नाही.

पट्ट्या काढून दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर फट ठेवली. गळती होते, पण नळ थोडा जास्त सोडला की पातळी चढत राहते. दरवाजा १५.४ ला उघडला!

उरलेले ४ मिलिमीटर बुशचे, म्हणून ६०८ क्रमांकाची बेअरिंग बसवून तेही घालवायचे ठरवले होते. समीकरण मांडताना मात्र बेत बदलला. दरवाजाचे वजन पाण्याच्या बलापुढे किरकोळ असल्याने उलटण्याच्या क्षणी बल दोन्ही बाजूंनी कटते आणि उरते एवढेच : पाण्याच्या उंचीचा एक-तृतीयांश वजा शाफ्टची उंची बरोबर घर्षणांक गुणिले शाफ्टची त्रिज्या. उजवीकडच्या गुणाकाराएवढ्या त्रिज्येचे शाफ्टच्या केंद्राभोवतीचे वर्तुळ म्हणजे घर्षण-वर्तुळ. म्हणजे बलाची रेषा या घर्षण-वर्तुळाला स्पर्श करते तेव्हा दरवाजा सुटतो, आणि दरवाजाच्या रुंदीचा त्याच्याशी संबंधच नाही! पुस्तकात कोपऱ्यात राहणारे हे वर्तुळ येथे पाण्याच्या पातळीवरून मोजता येते. १५.४ वरून घर्षणांक ०.३३ येतो; पण वाचनात १ मिलिमीटर इकडेतिकडे झाले की तो ०.०८ ने बदलतो, हे फार ढोबळ झाले.

तेव्हा बेअरिंग नकोच, उलट शाफ्ट जाड हवा. १६ मिलिमीटर व्यासाला ही चूक निम्म्यावर येईल आणि घर्षणांक तोच राहिला तर दरवाजा १५.८ च्या आसपास उघडेल. शाफ्ट आणि त्याच्या मापाचे बुश उद्यमनगरात टाकले आहेत. उलटलेला दरवाजा पाणी ओसरल्यावर परत उभा राहत नाही, कारण त्याचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या वर आहे. खालच्या कडेला वजन जोडण्याचे काम जाड शाफ्टची वाचने हाती आल्यावरच घेईन.