पासकी केली, पण साठली कुठे?

आबांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं जीमेल खातं गेलं. मेसेजमधली लिंक उघडली, समोर हुबेहूब गुगलसारखं पान आलं. त्यांनी पासवर्ड टाकला आणि पाठोपाठ फोनवर आलेला कोडही टाकला. ओटीपी असूनही खातं हातचं गेलं. हे ऐकल्यावर घरातल्या सगळ्यांच्या खात्यांना पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, लावायचीच, असं मी मनावर घेतलं, कारण नेमक्या याच फसवणुकीवर ती लागू पडते.

पासकीत लक्षात ठेवायचं किंवा टाइप करायचं काही नसतंच. ती तयार करताना किल्ल्यांची एक जोडी बनते. त्यातली सार्वजनिक किल्ली गुगलकडे जाते, खाजगी आपल्याकडे राहते. लॉगिनच्या वेळी गुगल दरवेळी नवा मजकूर पाठवतं आणि आपला फोन त्यावर खाजगी किल्लीने सही करून परत धाडतो. शिवाय जोडी ज्या साइटसाठी केली, तिच्याच पत्त्याला ती बांधलेली असते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी ब्राउझर ती पासकी पुढे करतच नाही. माणसाची नजर फसली तरी किल्ली फसत नाही, आणि मला हेच हवं होतं.

फोनवर काम चटकन झालं. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात पासकीचा पर्याय आहे, तो उघडला, बोट लावलं, संपलं. फोनवर अँड्रॉइड ९ किंवा आयओएस १६ (आयफोनची प्रणाली) किंवा त्यापुढची आवृत्ती असली की पुरे. गुगलने ही सोय साध्या खात्यांना मे २०२३ मध्ये दिली. त्याच्या आदल्या वर्षी ॲपल, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही याच पद्धतीला पाठिंबा जाहीर केला होता, म्हणून आज वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकत्र चालतात.

खरं डोकं लावावं लागलं ते लॅपटॉपवर. पासकी तयार करताना एक छोटी चौकट येते आणि ती कुठे ठेवायची ते त्यात लिहिलेलं असतं. आपण घाईत ‘पुढे’ दाबतो. पण तिथेच थांबून वाचायला हवं. माझ्या लॅपटॉपवर विंडोज हॅलो, म्हणजे बोट, चेहरा किंवा पिनने लॅपटॉप उघडायची विंडोजची सोय, पुढे आलं होतं. तिथे ठेवलेली पासकी त्या लॅपटॉपपुरतीच राहते, लॅपटॉप बिघडला की तीही गेली. म्हणून मी दुसरा पर्याय उघडून गुगल पासवर्ड मॅनेजर, म्हणजे गुगल खात्यातली पासवर्ड आणि पासकी साठवायची जागा, निवडला. २०२४ पासून क्रोममधून विंडोजवरही पासकी त्यात ठेवता येते आणि मग तीच फोनवरही दिसते. त्यासाठी एक वेगळा पिन ठरवावा लागतो, तो विसरून चालणार नाही. फोन बदलला तर नव्या फोनवर हा पिन किंवा जुन्या फोनचं स्क्रीन लॉक मागितलं जातं.

आमच्या ह्यांचा आयफोन आहे. त्यांच्या पासकी आयक्लाउड कीचेनमध्ये, म्हणजे ॲपलच्या तशाच साठवणीत, बसतात आणि माझ्या अँड्रॉइडवर आपोआप येत नाहीत. पण एकाच खात्याला वेगवेगळ्या ठिकाणच्या पासकी जोडता येतात, त्यामुळे दुकानाच्या सामाईक खात्याला एक माझ्या फोनवरून केली, एक त्यांच्या.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं असेल तेव्हा क्यूआर कोड कामाला येतो. स्क्रीनवर कोड आला की आपल्या फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन करायचा, बोट लावायचं, तिकडे खातं उघडतं. किल्ली मात्र फोनमधून बाहेर पडत नाही. दोन्हीकडे इंटरनेट आणि ब्लूटूथ चालू लागतं. जोडणी वगैरे करायची नसते, फोन खरोखर कॉम्प्युटरजवळ आहे एवढंच ब्लूटूथवरून तपासलं जातं. कुणी लांबून कोडचा फोटो पाठवून ‘हा स्कॅन करा’ म्हटलं तरी त्याचं काम होऊ नये, म्हणून ही अट. भावाच्या दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथच नाही, तिथे कोड स्कॅन होऊनही पुढे सरकेना. असा कॉम्प्युटर असेल तर दुसरी पद्धत हाताशी हवी. आणि सायबर कॅफेसारख्या ठिकाणी ‘या कॉम्प्युटरवर पासकी तयार करू का’ असं विचारलं, तर सरळ नाही म्हणायचं.

आबांकडे गावी गेले तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आधारला घेतलं तसं माझं बोट कंपनीकडं जातंय का गं?” प्रश्न अगदी योग्य होता. ठसा कुठेच जात नाही, तो फक्त फोनमधलं कुलूप उघडतो, गुगलला मिळते ती फक्त सही. हे पटल्यावर ते तयार झाले, पण उसाच्या कामात बोटांच्या रेघा पुसट झालेल्या, सेन्सर काही केल्या ठसा घेईना. रेशन दुकानातही त्यांची हीच अडचण होते. इथे मात्र अडलं नाही, कारण पासकीला फोनचं स्क्रीन लॉक चालतं, मग तो ठसा असो, चेहरा असो की साधा पिन. आबांनी पिन टाकला आणि खातं उघडलं. पिन जन्मसालाचा ठेवलेला होता, तो तेवढा बदलून घेतला. आता सगळी मदार त्यावरच आहे.

त्यांच्या व्हॉट्सॲपलाही पासकी लावली. पुन्हा नोंदणी करायची वेळ आली, तर एसएमएसच्या सहा आकडी कोडाची वाट बघायला नको. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत रेंज आली तर आली, पण वायफाय चांगलं चालतं.

पासकी लावली म्हणून पासवर्ड खात्यातून निघून जात नाही. तो मागे राहतोच, म्हणून तोही मोठा करून ठेवला. गुगलचे बॅकअप कोड, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिनला वापरायचे कोड, छापून कपाटातल्या फाइलमध्ये ठेवले, एक कोड एकदाच चालतो. बँकेचं काम अजून ओटीपीवरच आहे, त्यामुळे ‘कोड कुणाला सांगू नका’ हे आबांना अजूनही सांगत राहावं लागतं.

आता भाऊ फोन बदलणार आहे. जुना विकायच्या आधी तो पूर्ण रीसेट करायचा, आणि खात्यातल्या पासकींच्या यादीत त्या फोनची नोंद असेल तर तीही काढायची. यादीत प्रत्येक पासकी शेवटची कधी वापरली ते दिसतं, त्यावरून जुनी कुठली ते कळतं.