पेट्रा आणि मन्सफ : जॉर्डनमधला माझा अनुभव

जॉर्डनचं विमानाचं तिकीट झालं की लगेच जॉर्डन पास, म्हणजे व्हिसा आणि प्रेक्षणीय स्थळांची तिकिटं एकत्र असलेला पास, काढावा. मी दोन दिवसांचा घेतला, ७५ दिनारचा. एका दिवसाचा ७०, तीन दिवसांचा ८०. हे दिवस फक्त पेट्राचे, म्हणजे डोंगरात कोरलेल्या प्राचीन शहराचे. जेराशचे रोमन अवशेष, वादी रमचं वाळवंट, करकचा किल्ला त्यात धरलेलेच असतात. पेट्राचं एका दिवसाचं तिकीट ५० आणि व्हिसा ४०, म्हणजे पास वसूल होतोच. अट अशी, की तो देशात उतरण्याआधी घ्यायचा आणि किमान तीन रात्री राहायचं. त्याआधी निघालात तर व्हिसाचे पैसे परतताना भरावे लागतात. मेणबत्त्यांच्या उजेडातल्या रात्रीच्या पेट्राचं तिकीट वेगळं. एक दिनार म्हणजे १,००० फिल्स, त्यामुळे पाटीवर २.५०० दिसलं तर अडीच दिनार समजायचं.

अम्मानहून सकाळी निघून त्याच दिवशी पेट्रा उरकायचा विचार सोडून द्या. पोहोचेपर्यंत ऊन चढतं आणि गर्दीही. मी पेट्राला लागून असलेल्या वादी मूसा गावात मुक्काम करून सकाळी सहाला दारात होतो. सुरुवातीचा रस्ता उघड्यावरचा. तिकिटात घोड्याची रपेट असते, पण घोडेवाला बक्षिसी मागतोच. तो घोडाही सीकच्या तोंडाशीच थांबतो. सीक म्हणजे सव्वा किलोमीटरची अरुंद घळ. तिच्या भिंतींत पेट्रा वसवणाऱ्या नबातियन लोकांनी कोरलेले पाण्याचे पाट आजही दिसतात. पावसाळी हवा असेल तर आत शिरू नका : १९६३ साली इथे अचानक आलेल्या लोंढ्यात फ्रेंच पर्यटक बुडाले, त्यानंतर तोंडाशी बंधारा बांधला.

घळ संपते तिथे ‘खजिना’ नावाचा कोरीव दर्शनी भाग, सुमारे ४० मीटर उंच, वेरूळच्या कैलासासारखा वरून खाली कोरलेला. माथ्यावरच्या कलशात धन आहे या समजुतीने लोकांनी त्यावर गोळ्या झाडल्या; कलश आहे भरीव दगडाचा. त्यावर ऊन सकाळी नऊनंतर येतं. ‘मठ’ नावाच्या दुसऱ्या कोरीव वास्तूचं उलट. आठशेच्या आसपास पायऱ्या चढून जायचं, म्हणून सगळे सकाळी सुटतात आणि उन्हात भाजतात. दुपारी दोननंतर निघा : पायऱ्यांवर सावली आणि वर दर्शनी भागावर ऊन. माणशी दोन लिटर पाणी आणि जाड तळाचे बूट हवेतच. गाढवं टाळा, पायऱ्या घासून गुळगुळीत झाल्यात आणि कड्याच्या बाजूला कठडा नाही.

आता मन्सफ. हे पाहुण्यांपुढे येणारं जॉर्डनचं मानाचं ताट : खाली शराक नावाची पातळ पोळी, त्यावर भात, मग मटण, बदाम, आणि वरून जमीदचा गरम रस्सा. जमीद म्हणजे दह्या-ताकातलं पाणी काढून, मीठ घालून उन्हात दगडासारखे कडक वाळवलेले गोळे. करकचा जमीद नावाजलेला. तो रात्रभर भिजवून घोटतात आणि उकळी येईपर्यंत सतत ढवळतात, कढी फुटू नये म्हणून आपण ढवळतो तसंच. चव आंबट, खारट, थोडी उग्र; पहिला घास कमी रस्सा घालून घ्या. एका ताटात दोघांचं भागतं. खायचं उजव्या हाताने, भाताचा गोळा करून. चमचा मागितला तरी कुणी वाईट मानत नाही.

शाकाहारी माणसाने फूल (वालासारख्या दाण्यांची घोटलेली उसळ), हमूस (घोटलेले काबुली चणे), फलाफल (चण्याचे तळलेले वडे) आणि मुजद्दरा (मसूर-भात, खिचडीची चुलत बहीण) यांवर राहावं. भात मात्र विचारून घ्या, अनेकदा मटणाच्या पाण्यात शिजवलेला असतो. वादी रममध्ये झर्ब, म्हणजे वाळूतल्या खड्ड्यातली भट्टी, तिथेही तेच : भाज्या मांसाखालच्या जाळीवर असल्या तर वरची चरबी त्यांवर ठिबकते. वेगळं ठेवायला आधीच, भट्टी झाकण्यापूर्वी सांगावं.

जेवणानंतर वेलचीची कडू कॉफी येते, बिनकानाच्या छोट्या कपात. नको असेल तर कप देताना हलकेच हलवायचा; नुसता पुढे केलात तर पुन्हा भरतात.